नथूआप्पांची पाठराखीण

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत नथूआप्पांच्या स्कूटरवर मागे बसायला सहसा कुणी तयार होत नाही. स्कूटर चांगली आहे. आप्पा ती चालवतातही इतक्या सावकाश, की शेजारून पायी जाणाऱ्याला त्यांच्याशी गप्पा मारता येतात. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक वळणाच्या आधी आप्पा मोठ्यांदा जाहीर करतात, "वळण ई राहिनं हां, माय." खड्डा दिसला की, "खड्डा ई राहिना हां, माय. घट्ट उभी राह्य."

ही अहिराणी. आप्पा खानदेशातले, आणि 'माय' हे तिकडं पोरीबाळींना लाडानं म्हणतात. एकदा आमचे हे त्यांच्या मागे बसून आले. हे म्हणजे लूमच्या कारखान्यात मुकादम, अंगानं भरलेले, वर मिशा. पर्वत पाटियाच्या सिग्नलला भर गर्दीत आप्पांनी त्यांना सांगितलं, "बिरेक लागी राहिना हां, माय. घाबरू नको." शेजारच्या रिक्षातल्या बायका वाकून बघायला लागल्या. त्या दिवसापासून हे बसनं जातात.

हा दोष आप्पांच्या धंद्याचा, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आप्पांचा पिकअप टेम्पो आहे आणि त्यातून ते लग्नाच्या घोड्या नेतात. घोडी लांबून चालवत आणली तर थकते, टेम्पोत कोंबून आणली तर बिथरते, आणि बिथरलेल्या घोडीवर नवरदेव बसवायचा म्हणजे दोन घराण्यांची अब्रू एका खोगिरावर ठेवायची. म्हणून घोड्यांचे मालक आप्पांना शोधत येतात. त्यांच्या टेम्पोतून उतरलेली घोडी दुपारची झोप झाल्यासारखी शांत असते.

त्यांच्या घरासमोर माझं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे. मशीनवर बसलं की समोर आप्पांचा टेम्पो दिसतो, त्यामुळं मला हे सगळं तोंडपाठ झालंय. खाली रबराची चटई, त्यावर पोती, म्हणजे खूर घसरत नाही. चारही बाजूंना चिंध्यांच्या गाद्या. चिंध्या अर्थात माझ्या दुकानातल्या. पायांना गुंडाळायच्या पट्ट्यासुद्धा माझ्याकडूनच, आणि त्यात आप्पांना रंग जुळलेले लागतात. पुढचे पाय मोरपिशी आणि मागचे राणी कलर असं चालत नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "आप्पा, घोडीला कुठं रंग कळतात?" तर म्हणाले, "तिले नहीं कळत, ताई. पन मी बांधस ना."

दोर केवढा बांधायचा, याचंही त्यांचं शास्त्र आहे. तोंड गवताच्या जाळीपर्यंत पोचलं पाहिजे आणि मान मागं वळता कामा नये. घोडी चघळत राहिली म्हणजे मनात वाईट येत नाही, असं ते म्हणतात. लांब कुठं जायचं असेल तर आधीपासून तिच्या पाण्यात गूळ घालायचा. नव्या जागी पाणी बदललं तरी त्यातही गूळ घातला की चव तीच लागते, घोडी फसते आणि पिते. तिथं पोचल्यावर आप्पा पहिली बादली तिच्यापुढं ठेवतात आणि ती पिईपर्यंत जागचे हलत नाहीत. वरातवाल्यांनी कितीही घाई केली तरी त्यांचा एकच मंत्र, "पाणी पिनी का? पिनी म्हणजे पोचनी." प्यायली तरच पोचली, त्याआधी ती अजून रस्त्यातच आहे. एका नवरदेवाचे काका घड्याळ दाखवून ओरडले, "काका, जलदी करो ने, मुहूर्त नीकळी जाय छे." आप्पा बादलीवरची नजर न काढता म्हणाले, "मुहूर्त तुमना, पाय तिना."

खरं घोडं पेंड खातं ते मात्र टेम्पोत चढण्याच्या वेळी. इतर लोक लगाम ओढतात, मागून काठी दाखवतात, शिव्या देतात. आप्पा फळी लावतात, घोडीकडं पाठ करतात आणि फळीवर बसून शेंगदाणे खायला लागतात. तिच्याकडं बघायचं नाही, बोलायचं नाही. थोड्या वेळानं घोडीलाच चैन पडत नाही. ती एक पाय फळीवर ठेवते, आप्पांच्या खांद्यावरून नाक पुढं करते, आप्पा उठून आत जाऊन बसतात, मागोमाग तीही जाते.

तुम्हाला वाटेल, हे घोड्यांपुरतं. आमच्या सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाईनात. रिक्षा दारात उभी, ह्यांनी समजावलं, मी समजावलं, त्यांनी उंबरा काही सोडला नाही. आप्पा समोरून आले, रिक्षात आमच्याकडं पाठ करून बसले आणि कागदाच्या पुडीतून शेंगदाणे खाऊ लागले. सासूबाई जरा वेळ बघत राहिल्या. मग "काय एकटाच खातोस रे मेल्या" म्हणत त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. डोळा आता उत्तम आहे. शेंगदाण्याची गोष्ट त्यांना आम्ही अजून सांगितलेली नाही.

आणि बकरी. बकरीला विसरून चालणार नाही. घोडीला एकटीनं प्रवास सोसत नाही, म्हणून आप्पा टेम्पोत एक काळी बकरी बरोबर नेतात. घोडी थरथरायला लागली की बकरी तिच्या पायाशी निवांत रवंथ करत बसते, आणि हिला काही होत नाही म्हणजे आपल्यालाही होणार नाही, असं घोडीला वाटतं. या बकरीला आप्पा 'पाठराखीण' म्हणतात. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एक बाई तिच्यासोबत जाते, दोन दिवस राहते, तिला धीर देते, ती पाठराखीण. आप्पांच्या बकरीनं सुरतेतल्या एखाद्या भटजीपेक्षा जास्त लग्नं पाहिली असतील. जेवणावळीत तिचं पान आधी वाढलं जातं.

आप्पांच्या घरी माणसं दोनच, ते आणि सोनल. सोनलची आई ती लहान असतानाच गेली. पोरगी इथंच वाढली, त्यामुळं आप्पांशी अहिराणी, माझ्याशी मराठी, मैत्रिणींशी गुजराती आणि रागावली की हिंदी. मार्केटमधल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करायची. बाप स्कूटरवरून सोडायला आला की दुकानाच्या एक वळण अलीकडंच उतरायची. "मावशी, आखा मार्केट सुनता है," मला म्हणायची.

तिचं लग्न ठरलं नंदुरबारच्या पुढं, प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यात. मुलगा शिक्षक, माणसं चांगली. सगळी गल्ली खूश झाली, आप्पा मात्र बिघडले. टेम्पोच्या गाद्या उसवायचे आणि पुन्हा शिवायला माझ्याकडं आणायचे. एका दुपारी मी सरळच विचारलं. खूप वेळ सुतळीशी खेळत बसले आणि म्हणाले, "ताई, तिले तठलं पाणी मानवी का?"

मी म्हटलं, "आप्पा, प्रकाशाला तापीच आहे. आपल्याकडं येते ती तापी तिकडूनच येते."

"ती वरली तापी शे. आपली खालली," आप्पा म्हणाले, आणि विषय संपला.

त्याच आठवड्यात सोनल माझ्याकडं तक्रार घेऊन आली. बाप रोज सकाळ-संध्याकाळ तिला गुळाचं पाणी प्यायला लावत होता. "काय तरी रिवाज असेल ना मावशी, लगीनवाला?" मी म्हटलं, असेल बाई. दुसरं काय सांगणार? मला तो रिवाज चांगलाच माहीत होता, फक्त तो माणसांचा नव्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा दुकानात आले, चपला बाहेर काढल्या, एरवी काढत नाहीत, आणि म्हणाले, "ताई, पाठराखीण म्हणीसन तू जाशी का?"

आता त्या पदावर इतकी वर्षं कोण होतं ते मला ठाऊक होतं, आणि ती त्या क्षणी माझ्याच उंबऱ्याशी उभी राहून सॅटिनची पट्टी चघळत होती. पण आप्पांचा चेहरा बघून हसू गिळलं. जाते म्हटलं.

लग्न आमच्याच भागातल्या समाजाच्या वाडीत, म्हणजे इकडच्या मंगल कार्यालयात, सकाळचं. आता नवरदेवाला घोडी आणणार कोण? पर्वत पाटियाच्या तबेल्यातली चांदणी नावाची पांढरी घोडी ठरली होती, आणि तिला दुसऱ्या कुणाच्या टेम्पोतून आणायचं ही कल्पनाच आप्पांना सहन झाली नाही. सगळ्यांनी सांगितलं, आप्पा, तुम्ही वधुपिता, तुम्ही मांडवाच्या दारात उभं राहायचं. हो हो म्हणाले. वाजतगाजत वरात दारात आली. नवरदेवाचे वडील व्याहीभेटीला हार घेऊन पुढं झाले आणि इकडंतिकडं बघायला लागले. दारात मी, आमचे हे, सोनलचे मामा, सगळे उभे. वधुपिता नाही. मामा ओरडले, "नथू कथा शे?"

घोडीच्या मानेखालून आवाज आला, "आठेच शे."

फेटा बांधून, एका हातात लगाम आणि दुसऱ्यात बादली घेऊन आप्पा नवऱ्याच्या वरातीतून आले होते. लोकांकडं वरातीमागून घोडं येतं, आमच्याकडं वरातीतून वधुपिता आला. बँडवाले वाजवायचे थांबले. व्याही भला माणूस, हार घालायला पुढं आला, तर आप्पा म्हणाले, "थांबा पाव्हणं, घोडी पाणी पी राहिनी." आणि खरोखरच चांदणीचं पिऊन होईपर्यंत व्याहीभेट थांबली.

दुपारी पाठवणीची वेळ आली. मोटार सजवून उभी होती, चालवायला नवऱ्याचा चुलतभाऊ. आप्पांनी त्याला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. तो मान डोलवत होता आणि मध्येच आमच्याकडं गोंधळून बघत होता. मागं डिकीत आप्पांनी स्वतःच्या हातानं डिंडोलीच्या पाण्याचा कॅन ठेवला, गुळाची ढेप ठेवली आणि सोनलची जुनी गोधडी ठेवली. गोधडी धुवायची नाही, वास जातो, असं त्यांनी मला आधीच बजावलं होतं.

सोनल सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि मोटारीपाशी येऊन थबकली. दार उघडं, नवरा आत बसलेला, आणि ही पुढं पाऊल टाकेना. मामी म्हणाली चल बाई, मामा म्हणाले ऊन वाढतंय. हिनं दाराची कड घट्ट धरून ठेवली. कुणीतरी पाठीमागून हळूच ढकललं, तशी ती आणखी मागं सरली.

तेवढ्यात आप्पा गर्दीतून आले. तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मोटारीच्या पुढच्या बाजूला जाऊन टेकून उभे राहिले, पाठ आमच्याकडं, आणि खिशातून शेंगदाणे काढले.

नवऱ्याकडची मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. पोरीच्या पाठवणीला बाप शेंगदाणे खातो, हे त्यांना कसं कळावं? सोनलनं त्या पाठीकडं पाहिलं. लहानपणापासून हजारदा पाहिलेली ती पाठ. रडता रडता तिला हसू फुटलं. "पप्पा, मी घोडी शे का?" ती म्हणाली. पाठ हलली नाही. मग तिनं पदर सावरला, एक पाय आत ठेवला आणि बसली.

मी दुसऱ्या बाजूनं बसायला निघाले तेव्हा मला आप्पांचा चेहरा दिसला. शेंगदाणे सगळे मुठीतच होते. एकही खाल्लेला नव्हता.

निघालो. वाडीच्या फाटकाशी पोचलो तोच गाडी चालवणारा चुलतभाऊ घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, डाव्या हाताला वळण येतंय हां." मग ओशाळून पुढं म्हणाला, "आप्पांनी सांगितलंय. प्रत्येक वळणाला सांगायचं."

मी म्हटलं, "घ्या. घोड्यांची सवय माणसांना लावली."

सोनल खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "घोड्यांची नाही मावशी, माझी. मम्मी गेली तेव्हा मला घरी ठेवायला कोण नव्हतं, तर पप्पा टेम्पोत शेजारी बसवायचे. तेव्हा कापडाचे गठ्ठे भरायचे, घोड्या नव्हत्या. प्रत्येक वळणाला मला वाटायचं, आता मी बाहेर पडणार. खूप रडायची. तर पप्पा आधीच सांगायला लागले, वळण येतंय हां, माय. मी घट्ट धरायची. घोड्या नंतर आल्या. त्यांनापण तेच सांगितलं."

मग नवापूर गेलं, नंदुरबार गेलं. चुलतभाऊ इमानी, त्यानं एक वळण सांगायचं चुकवलं नाही. वाटेत आप्पांचा एकही फोन आला नाही, याचं मला नवल वाटलं. सोनलनं वाटेत काही खाल्लं नाही. कॅनमधलं पाणी पुढं केलं तर त्यालाही मान हलवली. मला काळजी वाटायला लागली.

दिवेलागणीला पोचलो. माप ओलांडलं, ओवाळलं, आणि तिकडच्या रीतीप्रमाणं सासूनं पहिल्यांदा पुढं केलं ते गूळपाणी. सोनलनं पेला नुसता हातात धरून ठेवला. सगळ्या बायका बघत होत्या, मीही बघत होते. तिनं एक घोट घेतला. थांबली. पेल्यात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, डोळे भरून आले, आणि तिनं तो पेला एका दमात संपवला. सासूला म्हणाली, "अजून आहे का?"

मी अंगणात येऊन फोन लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"पाणी पिनी का?"

"पिनी, आप्पा. दोन पेले."

पलीकडून बकरी ओरडल्याचा आवाज तेवढा आला. मी विचारलं, "आप्पा, आहात कुठं तुम्ही?"

"आठेच. वाडीना दारशी." आवाज नेहमीचा नव्हता. मांडव केव्हाच उतरवला असणार, चांदणीला मालकाचा माणूस घेऊन गेला असणार, पाहुणे पांगले असणार. आप्पा टेम्पोत बसून होते.

"जेवलात का?"

त्यांनी ते ऐकलं नसावं. "मंग पोचनी," ते म्हणाले. "आते निंघस मी."

फोन बंद करायचं त्यांना सुचलं नाही, आणि मलाही तो कानाजवळून काढवेना. टेम्पो सुरू झाला. थोडा वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग आप्पांनी गाडी हळू केली आणि शेजारच्या सीटला सांगितलं, "वळण ई राहिनं हां, माय."