काठावर पास झालेला पूल

ज्या समाजात कोणीच नापास होत नाही तो समाज प्रगत समजावा, याबद्दल विद्वानांत दुमत नाही. (ज्यांचं दुमत होतं, त्यांनाही पुढे विद्वान म्हणूनच पास करण्यात आलं.) आमच्या राज्याचे बांधकाममंत्री हे या प्रगतीचे मूळ पुरुष. त्यांना सगळे 'सर' म्हणतात, कारण मंत्री होण्यापूर्वी ते अभियांत्रिकी महाविद्यालयात बांधकामशास्त्र शिकवत. निदान वेळापत्रकात तसं लिहिलेलं असे.

सर रुजू झाले त्या वर्षी महाविद्यालयाचा निकाल एकेचाळीस टक्के होता. सहा वर्षांत तो शंभरावर गेला आणि सातव्या वर्षी एकशे दोन टक्के लागला. (दोन मुलं परीक्षेला बसलीच नव्हती; पण फॉर्म भरतानाची त्यांची तळमळ सरांच्या नजरेतून सुटली नाही.) मुळात माणूस कनवाळू. उत्तरपत्रिका हातात घेतली की प्रश्नाच्या आधी ते मुलाच्या आईचा विचार करत. उत्तर चुकलं तर रीतीला गुण, रीत चुकली तर आकृतीला, आकृतीच नसली तर सोडलेल्या समासाला.

असा माणूस निवडणुकीला उभा राहिल्यावर प्रचार तो काय करायचा? सरांनी एकच सभा घेतली आणि तीत एकच वाक्य बोलले, "बाळांनो, ओळखलंत ना?" बाळांनी ओळखलं. बाळांच्या आईवडिलांनी तर दोनदा ओळखलं.

बांधकाम खातं सरांना घरच्यासारखं वाटलं. तिथल्या दर दहा अभियंत्यांपैकी सहा त्यांचे विद्यार्थी होते आणि उरलेले चार त्या सहांच्या हाताखाली शिकलेले. पहिल्याच दिवशी सरांनी टेबलावरच्या सगळ्या फायली लाल पेनाने तपासल्या. अर्थखात्याच्या टिपणीवर त्यांनी 'अक्षर सुधारा' असा शेरा मारला, जो आजही अंमलबजावणीच्या प्रतीक्षेत आहे. पण त्यांचं चिरंतन कार्य म्हणजे पुलांची गुणपत्रिका. पूर्वी पुलाच्या तपासणीचा ऐंशी पानी अहवाल यायचा आणि कोणी न वाचताच कपाटात जायचा. सरांनी सुटसुटीत केलं. पायाला तीस गुण, खांबांना तीस, वरच्या रस्त्याला वीस, कठड्यांना दहा आणि हजेरीला दहा. पस्तीसला पास.

नदीवरचा जुना पूल तपासायचं काम एका कनिष्ठ अभियंत्याकडे आलं. याला कॉलेजपासून सगळे 'पस्तीस' म्हणत. शेवटच्या वर्षी सरांच्याच पेपरात त्याला एकतीस पडले होते. वरचे चार सरांचे. म्हणजे याची नोकरी, नोकरीवर झालेलं लग्न, आणि दुसऱ्या काठावरच्या दवाखान्यात नर्स असलेली बायको, हे सगळं त्या चार गुणांवर उभं होतं. ती बायको रोज दोन वेळा स्कूटरने त्याच पुलावरून ये-जा करायची. म्हणूनच की काय, हा गडी तीन दिवस छातीभर पाण्यात उतरला, खांब ठोकून पाहिले आणि बाहेर येऊन एकूण सत्तावीस गुण दिले. हजेरीचा रकाना त्याने कोरा ठेवला. पुलाची हजेरी कशी घेतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

सरांनी त्याला बोलावून घेतलं. पाठीवर हात ठेवला.

"अरे पस्तीस, नापास केलंस? तू? तुझ्या हातून?"

"सर, पाया गेलाय."

"गेलाय म्हणजे कुठे गेलाय?"

"वाहून गेलाय, सर. मधल्या खांबाखाली हात घातला की आरपार जातो."

"मग घालतोस कशाला?" सरांनी चष्मा पुसला. "रस्त्यावरून दिसतो का पाया?"

"नाही, सर."

"जो प्रश्न दिसत नाही तो ऐच्छिक धरायचा. आणि हा रकाना कोरा का? एकेचाळीस वर्षांत एक दिवस तरी तो पूल जागेवर नव्हता, असं झालंय?"

"तसं नाही झालं, सर."

सरांनी हजेरीचे आठ गुण भरले. (दोन कापले, कारण एका पुरात पूल दोन दिवस पाण्याखाली होता आणि कोणाला दिसला नाही. सर दयाळू असले तरी पक्षपाती नव्हते.) बेरीज बरोबर पस्तीस.

पुलाच्या अलीकडच्या टोकाला प्रमाणपत्र प्रदान समारंभ झाला. प्रमाणपत्र कठड्याला तारेने बांधण्यात आलं. सरांच्या पत्नीही आल्या होत्या. या बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या वर्गाचा निकाल कधी अडतीसच्या वर गेला नाही, म्हणून त्यांना कोणी मंत्री केलं नाही. सर म्हणाले, "चला, पलीकडे जाऊन येऊ." बाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. "तुम्ही व्हा पुढे. मी इथूनच बघते." पत्नीला एकटं सोडून जाणं सरांच्या स्वभावात नव्हतं.

त्या संध्याकाळी पस्तीसने बायकोला सांगून टाकलं, उद्यापासून अकरा किलोमीटरच्या वळशाने जा.

"जाईन की," ती म्हणाली. "आणि बाकीच्यांचं काय? त्यांच्या बायकांना कोण सांगणार?"

मग त्याने नियमावली काढून वाचली. (नियमावली वाचणारा अभियंता खात्यात प्रथमच आढळला, तशी नोंद त्याच्या सेवापुस्तकात आहे.) कनिष्ठ अभियंत्याला किरकोळ डागडुजीसाठी पूल तीन दिवस बंद ठेवता येतो. सकाळी सातला त्याने स्वतः दोन पिंपं आडवी लावली आणि 'पूल धोकादायक, रस्ता बंद' असा फलक उभा केला. नऊ वाजता पिंपं कडेला होती. त्याने परत लावली. दहाला परत कडेला. दुसऱ्या दिवशी एका पिंपावर चहाची किटली होती आणि फलक तिला वाऱ्याचा आडोसा झाला होता. खात्याने रीतसर चौकशी केली. निष्कर्ष: साक्षीदार चारशे बारा, पिंपं हलवणारे शून्य.

तिसऱ्या दिवशी पस्तीस स्वतःच हात पसरून रस्त्यात उभा राहिला. त्याच्यापुढे एक गाडी थांबली. मागची काच खाली आली. आत इस्त्रीच्या शर्टातले सद्गृहस्थ.

"अहो साहेब, मंत्र्यांनी पास केलाय ना पूल? मग तुमचं काय जातंय?"

"माझं काही नाही जाणार. तुम्ही जाल. खाली पाया नाहीये हो!"

"माहितेय सगळं. मीच सगळ्यांना सांगत असतो, देशाचं वाटोळं झालंय म्हणून. पण अकरा किलोमीटर? मला मिटिंग आहे. एवढ्या वेळी जाऊ द्या."

त्याने हात खाली घेतले नाहीत. तेव्हा मागच्या चार गाड्यांतून लोक उतरले, त्याला अलगद उचललं आणि पिंपाशेजारी नेऊन बसवलं. कोणीतरी त्याला चहाही दिला. आपली माणसं वाईट नाहीत.

ते सद्गृहस्थ कोण, हे मी नाव घेऊन सांगणार नाही. आपली जुनी ओळख आहे. मंत्र्यांना शिव्या घालण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही, हेही मी जाणून आहे. आत्ता तुम्ही मधल्या खांबाच्या बरोबर वर आहात, आणि मागून जो हॉर्न वाजतोय तो माझा. जरा पटकन पुढे घ्या हो, मलाही उशीर झालाय.