मातीचा तोकुबेई

मुलांनो, तुमच्याच घरासमोर उभं राहून कुणी तुमच्याच घराची माहिती तुम्हाला सांगितली आहे का? नाही ना? तोकुबेईला रोज सांगायचे. तोही बिचारा मान डोलावून ऐकायचा.

तोकुबेई होता तानुकी. तानुकी म्हणजे कुत्र्याच्या जातीतला, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेला, गोलमटोल पोटाचा प्राणी. फार दूर, जपान देशातल्या एका जंगलात, कालव्याच्या काठी व्यापाऱ्यांचं एक जुनं गाव होतं. पांढऱ्या भिंतींची कोठारं, काळ्या लाकडी जाळ्यांची दुकानं, कालव्यात लाल-पांढरे मासे. तिथे तोकुबेईचं सोया सॉसचं दुकान होतं. पणजोबांच्याही पणजोबांनी काढलेलं.

पूर्वी त्या गावात खरोखरचा व्यापार चालायचा. मग लांबलांबचे प्राणी गाव बघायला येऊ लागले. व्यापार कसा चालायचा हे त्यांना दाखवता दाखवता व्यापार करायचा राहूनच गेला. तांदळाचा व्यापारी उंदीर रिकाम्या पोत्यांवर बसून तांदूळ मापल्यासारखं करायचा. कापडवाली मांजर कापड नसताना नुसतीच कात्री चालवायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे.

एकटा तोकुबेई अजून सोयाबीन शिजवायचा, गहू भाजायचा, मिठाचं पाणी घालायचा आणि मोठाल्या लाकडी पिंपांत सगळं मुरत ठेवायचा. मुरलेल्या सॉसचा असा काही घमघमाट सुटायचा, की कालव्यातले मासेसुद्धा तोंड वर काढायचे.

एके दिवशी गावसमितीचे कोल्हे त्याच्याकडे आले.

"तोकुबेईसान," थोरला कोल्हा नाक धरून म्हणाला, "तुमच्या दुकानाला वास येतो."

"सॉसचा आहे साहेब."

"तेच म्हणतोय मी. ऐतिहासिक गावाला वास नसतो. आज दिवे लागायच्या आत एक तरी गिऱ्हाईक दाखवा. नाहीतर उद्यापासून तुमच्या दुकानाचं संग्रहालय करू. पिंपं रिकामी करू, धुऊ आणि छान ओळीत मांडून ठेवू."

"अहो, पण त्यातला सॉस?"

"कालव्यात."

तोकुबेईची बायको ओतामे आतून हे ऐकत होती. तिने पदरात, म्हणजे किमोनोच्या बाहीत, डोळे पुसले आणि सॉसची एक बाटली नवऱ्याच्या हातात दिली. "दारात उभे राहा हो. कुणीतरी घेईलच."

ऊन कडक होतं. तोकुबेईने गवताची मोठी टोपी घातली, बाटली छातीशी धरली आणि तो दारात उभा राहिला.

तेवढ्यात कोपऱ्यावर पिवळं निशाण दिसलं. निशाणामागे कोसागी नावाची बगळी आणि बगळीमागे थेट आपल्या सह्याद्रीच्या जंगलातून आलेली सहलीची मंडळी! सगळ्यांत पुढे शेकरूमावशी, तिच्यामागे रानडुक्करकाका.

"निशाण सोडून जाऊ नका," बगळी म्हणाली. "इथल्या दुकानांच्या दारात मातीचा तानुकी ठेवायची पद्धत आहे. टोपी संकटापासून वाचवते. मोठं पोट म्हणजे धीर. पोटावर हात फिरवला की भाग्य उजळतं."

"हा बघा, हा बघा!" शेकरूमावशी धावली आणि तिने तोकुबेईच्या पोटावरून भराभर हात फिरवला. "अगं बाई, किती मऊ केलाय!"

"आणि कोमट!" काका म्हणाले. "उन्हात तापलेला दिसतोय."

तोकुबेईला गुदगुल्या झाल्या. तो खुदकन हसला. "अहो मावशी, मी जिवंत आहे!"

"बोलतोसुद्धा!" मावशीने टाळ्या पिटल्या.

"आत बॅटरी असणार," काका म्हणाले. "जपानी माल आहे. काही विचारू नका."

बगळीला खरं ठाऊक होतं. सांगायला तिने चोच उघडलीही. पण मंडळींचे फुललेले चेहरे बघून तिने ती हळूच मिटली.

तोकुबेईने चटकन बशीत सॉस ओतला. "पुतळा तर पुतळा. पण चाखून तर बघा!"

मावशीने पिशवीतली स्वतःची भाकरी काढली, बशीत बुडवली आणि तोंडात टाकली. तिची शेपटीच ताठ उभी राहिली. "अहो काका! जीभ नाचायला लागली की हो माझी! मला दोन बाटल्या दे रे पुतळ्या."

तोकुबेईचं काळीज असं काही उडालं, की टोपीच पडायची. दोन बाटल्या! पिंपं वाचली!

"थांबा, थांबा," बगळी म्हणाली. "वाटेत खरेदी नाही. खरेदी शेवटी, गाडीजवळच्या दुकानात. तिथे फॅक्टरीतल्या बाटल्या मिळतात, रंगीत वेष्टनात. चला, निशाण हललं!"

निशाण हललं म्हटल्यावर मंडळीही हलली. मावशी मागे वळून बघत बघत गेली.

तोकुबेईला राहवेना. तो बाटल्या घेऊन मागे धावला. पोट डावीकडे, टोपी उजवीकडे! "मावशी, तुमच्या बाटल्या! अहो मावशी!"

"पुतळा चालतो!" काका ओरडले. "अरे, हा तर पळतोय!"

मग काय विचारता! निशाण, बगळी, गाडी, सगळं विसरून मंडळी तोकुबेईभोवती गोळा झाली. कुणी फोटो काढले, कुणी शेपटी ओढून पाहिली. काका तर बॅटरी शोधत त्याच्या टोपीत शिरले. त्या गोंधळात बगळी मावशीचा हात पंखात धरून तिला गाडीकडे ओढून घेऊन गेली. उरलेली मंडळीही मग हसत हसत गेली. बाटल्या तोकुबेईच्या हातातच राहिल्या.

दिवे लागले. कोल्हे आले. तोकुबेई मान खाली घालून म्हणाला, "गिऱ्हाईक मिळालं नाही साहेब. पिंपं घेऊन जा."

"पिंपांचं राहू दे," थोरला कोल्हा म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "एवढी गर्दी या गावात मी उभ्या जन्मात पाहिली नाही. तुम्ही पुतळाच व्हा. पुतळ्याने सॉस विकला तर समितीची हरकत नाही."

"आणि वास?"

"पुतळ्याजवळ येणारा वास ऐतिहासिक असतो."

"पण साहेब, मी पुतळा नाही. मी व्यापारी आहे. पिढ्यान्पिढ्यांचा."

"व्यापाऱ्याकडे लोक घासाघीस करतात, नाकं मुरडतात, उद्या येतो म्हणतात. पुतळ्याकडून मुकाट्याने घेतात. बघा बुवा. नाहीतर कालवा आहेच."

तोकुबेईने बायकोकडे पाहिलं. ओतामे त्याच्या कानाशी आली आणि म्हणाली, "म्हणा ना हो, मातीचा आहे म्हणून. सॉस तर खराच आहे ना आपला?"

तोकुबेई खूप वेळ गप्प उभा राहिला. इतका गप्प, की कोल्ह्यांना वाटलं, झालीच सुरुवात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्ह्यांनी तोकुबेईच्या पोटाला चकचकीत रोगण लावलं, तो दारात उभा राहिला आणि ऊन चढायच्या आत त्याचं पहिलं पिंप विकून संपलं.

तात्पर्य: बाळांनो, माल नेहमी खरा ठेवावा, फक्त आपण जिवंत आहोत, हे गिऱ्हाईकाला कळू देऊ नये.