दिगंबरभाऊची रिकामी सीट

वाशिमच्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक उघडं दिसलं की सगळी दुनिया सुसाट सुटते, एकटा दिगंबरभाऊ थांबतो. टेम्पोतलं गाणं बंद करतो, खाली उतरतो, आधी अकोल्याकडं बघतो, मग हिंगोलीकडं. मागं हॉर्नचा नुसता गिल्ला! हा सावकाश वर चढतो, पहिला गेर टाकतो अन् रूळ ओलांडेस्तोवर त्याला हात लावत नाही. पलीकडं टेम्पोपुरती जागा मोकळी दिसल्याशिवाय तर रुळावर चाकही घालत नाही.

"अरे बाप्पा, फाटक उघडं हाये ना!" मी मागून ओरडतो. माझ्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, अन् मेथीच्या जुड्या त्याच्या टेम्पोत, बाजारात भाजीचा हर्रास सुरू व्हायची वेळ.

"उघडनारा मानूसच हाये ना? मानूस चुकते," तो म्हणतो. "रेल्वेले वळता येत नाई गड्या, आपल्याले थांबता येते."

चौफुलीवर तोच कार्यक्रम. उड्डाणपुलावरून जाताना खाली रूळ दिसले तरी याचा पाय ब्रेकवर! आता बोला.

मी त्याच्या मागं फटफटीवर, धूर खात. मालासोबत टेम्पोच्या मागच्या डाल्यात बसू देत नाही. "तू काय कोबीची गोनी हायेस?" आणि शेजारची सीट? ती त्याच्या बायकोची, लीलावैनीची. तिच्यावर धुतलेला टॉवेल अंथरलेला असायचा, आणि वैनी बारा वर्षांत एकदाही तिथं बसली नव्हती. तिनं बसावं, एवढ्यासाठीच या माणसाचा हा नवस.

बारा वर्षांपूर्वी हा काळी-पिवळी जीप चालवायचा. एका बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर रेल्वे शिट्ट्या मारत येत होती, अन् यानं जीप भर्रकन काढली. रेल्वे हातभर मागून गेली. आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकानं पान खाऊ घातलं. शेजारी वैनी होती, मांडीवर तान्ही पोरगी. वाशिमला ती उतरली अन् परत एसटीनं आली. तेव्हापासून एसटीच.

"मी बी हासलो होतो रे त्या टाळ्यायवर," त्यानं मला एकदा सांगितलं. "तिनं मले हासतानी पाह्यलं."

वैनी एसटीत असली की हा त्या एसटीच्या मागंच टेम्पो ठेवायचा. ओव्हरटेक नाही.

परवा माझ्या शेतात माल भरणं चाललं होतं. वैनी बांधावरून आली, टेम्पोचं दार उघडलं, टॉवेल बाजूला केला अन् बसली. दिगंबरभाऊच्या हातातलं मेथीचं गाठोडं तसंच राहिलं.

"काहून पाहून राह्यले असे? उशीर होते ना," ती म्हणाली. "एसटीच्या मागच्या काचातून पाह्यते मी तुमाले. लोकं शिव्या देतात, तरी उतरता. दर खेपेले."

त्यानं गाठोडं डाल्यात ठेवलं अन् टेम्पो सुरू केला. फाटकाशी टेम्पो थांबला, मी फटफटी बाजूला लावली. त्यानं उतरायला दार उघडलं, तर वैनीनं त्याची बाही धरली.

"बसा. तुमी तिकडलं पाहा, इकडलं मी पाह्यते."

मागं हॉर्न वाजत होते. वैनीनं खिडकीतून मान काढून हिंगोलीकडं नीट पाहिलं अन् म्हणाली, "नाई काही. चला."

दिगंबरभाऊनं बारा वर्षांत पहिल्यांदा एकाच बाजूला पाहिलं, अन् पहिला गेर टाकला.