कुणी मरते का त्याच्यात?

आमच्या शेजारचे रामटेके साहेब कुठल्याही सिनेमाचा शेवट कळल्याशिवाय तो बघायला बसत नाहीत. क्रिकेटचा सामनाही दुसऱ्या दिवशी बघतात, तोही आपण जिंकलो असलो तरच. बसमध्ये चढले की, दुसऱ्याच स्टॉपला उतरायचं असलं तरी कंडक्टरला विचारणार, "शेवटचा स्टॉप कोणता?" एकदा कंडक्टर म्हणाला, "का, तिथं दुकान आहे का तुमचं?" साहेब शांतपणे म्हणाले, "माहिती असलेली बरी."

साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कोथरूडमध्ये तीस वर्षं काढली, तरी बोलणं अजून भंडाऱ्याचंच. पत्नी गेल्यापासून एकटे राहतात. मुलगा वाघोलीला असतो. यंदा मी एका जुन्या जपानी दिग्दर्शकाचे सिनेमे पहिल्यांदाच बघायला घेतले. रविवारी दुपारी त्यांनाही या म्हटलं. यायच्या आधी त्यांचा फोन आला.

"मॅडम, कुणी मरते का त्याच्यात?"

"मी अजून बघितला नाही, साहेब."

"मग आधी बघून घ्या."

तेव्हापासून शनिवारी मी एकटीने बघायचा आणि रविवारी साहेबांबरोबर पुन्हा, असा नेम झाला. त्या सिनेमांत तसं फारसं काही घडत नाही. माणसं चटईवर बसून चहा पितात, मुलीच्या लग्नाचं बोलतात. पण साहेबांना त्या शांततेचाच धसका. पडद्यावर कुणी गप्प झालं की खुर्चीच्या कडेला सरकत.

"हा आता काहीतरी वाईट बोलते."

"नाही बोलत."

"नक्की?"

शेवट माहीत असूनही तिसऱ्या सिनेमापर्यंत मलाही धडधडायला लागलं. कुणी नुसतं खोकलं तरी आम्ही एकमेकांकडे बघायचो.

एका शनिवारी पेपर तपासता तपासता माझा सिनेमा राहूनच गेला. रविवारी साहेबांनी दारातच नेहमीचा प्रश्न विचारला. पोस्टरवर तर सगळे हसत होते.

"कुणी मरत नाही," मी ठोकून दिलं.

तासाभराने त्यातली आई आजारी पडली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्यावरून नजर हलवली नाही. डॉक्टर आले, तपासलं आणि नवऱ्याला बाहेर बोलावून घेतलं. साहेब उठले, चपला घातल्या आणि गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. फोनही नाही. लिफ्टमध्ये दिसले, तर मजल्यांचे आकडे बघत उभे. शेवटी मीच त्यांच्याकडे गेले.

"साहेब, मी खोटं बोलले. सिनेमा बघितलाच नव्हता."

"समजलं मला ते. बसा." त्यांनी चहा केला. बराच वेळ ढवळत राहिले. मग म्हणाले, "हिला दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी पोराचा फोन आला. म्हणे, 'बाबा, घाई करू नका, सावकाश या.' मला वाटलं, आता बरं आहे हिला. मी रस्त्यात शहाळ्यासाठी थांबलो. चांगलं पाण्याचं दे म्हणून दोन बदलून घेतले."

त्यांनी चमचा बाजूला ठेवला.

"त्याचंही चूक नाही म्हणा. मी स्कूटरवर येणार होतो, त्याला काळजी." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "पण मॅडम, तो सिनेमा तिथून पुढं बघून टाकू. आज जमते का?"

आम्ही आमच्याकडे येऊन बसलो. त्यातली आई गेली. घरातली माणसं हलक्या पावलांनी येत-जात राहिली आणि तिचा नवरा तिच्या उशाशी बसून राहिला. कुणी त्याला उठवलं नाही. साहेब या वेळी खुर्चीच्या कडेला सरकले नाहीत. सिनेमा संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"थोडा मागं नेता येते का?"

"कुठपर्यंत?"

"तो बसला आहे ना तिच्यापाशी, तिथपर्यंत."

मी मागे नेला. नवरा पुन्हा उशाशी बसलेला.

"थांबवून ठेवा," साहेब म्हणाले. "बसू द्या त्याला जरा."