टीव्हीतल्या बापाचे वकील

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले चौधरीभाऊ रोज संध्याकाळी टीव्हीसमोर उभे राहून खलनायकाची वकिली करतात. मालिका कुठलीही असो. कपाळावर टिळा, गळ्यात माळ आणि झोपाळ्यावर बसलेला बाप पडद्यावर आला, की भाऊंचा आवाज जिन्यापर्यंत येतो. "झालं! आला टिळेवाला! आता हा पोरीचा मोबाइल फोडतो, बघा तुम्ही!" तो फोडतोच. मग भाऊ आणखी चढतात. "कोण बाप असं करून राहिला? एक तरी आणून दाखवा मला! बापाचं म्हणणं कोणी ऐकून घेतं का?"

आता भाऊंच्या कपाळावर टिळा, गळ्यात तुळशीची माळ आणि हॉलमध्ये छताला हुक ठोकून टांगलेला झोपाळा. त्यात मिशा अशा भरघोस, की शेजारचं लहान पोर त्यांना बघून आईच्या पदरात शिरतं. माणसानं मनाला लावून घेऊ नये तर काय करावं?

भाऊ मूळचे जळगावकडचे. इथं सिल्वासात येऊन मसाट गावच्या धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर झाले. मशीनच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. "दूध आलं का?" हेही ते घोषणा दिल्यासारखं विचारतात. निवडणूक आली की खांद्यावर भगवं उपरणं टाकून सभेत पहिल्या रांगेत. मी देवरुखची, इथल्या शाळेत मास्तरीण, आणि माझं मत भाऊंना अजिबात आवडणार नाही अशा ठिकाणी जातं. हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे आमचं छान जमतं.

एकदा सकाळी पेपर घेऊनच दारात आले. "मॅडम, तुमचे हे पेपरवाले आमचा फोटो नेहमी तोंड उघडं असतानाच का छापतात? आम्ही तोंड मिटूनही असतो!"

"भाऊ, तुम्ही तोंड मिटता तेव्हा फोटोग्राफर जेवायला गेलेले असतात," मी म्हटलं. खदाखदा हसले. पण जाताना म्हणाले, "चेष्टा सोडा मॅडम. लोकांना तेच खरं वाटतं."

घरात नियम ढीगभर. अंडं येणार नाही. दिवेलागणीला दिवा लागलाच पाहिजे. आठच्या आत सगळे घरात. नियम मोडला तर काय, हे मात्र त्यांनी कधी ठरवलेलं नाही. त्यांची राजश्री, म्हणजे राजू, औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. ती नऊला आली तर भाऊ गॅलरीत उभे असतात, आणि तिची स्कूटर गेटात वळली की लगबगीनं आत जाऊन पेपर वाचायला लागतात.

तर ही राजू एका शनिवारी माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला.

"काकू, मला लग्न करायचंय."

"अगं, मग रडतेस काय?"

"राकेश इथल्याच किलवणी गावचा आहे. धोडिया. आदिवासी आहेत ते, घरी कोंबडं शिजतं. पप्पा त्याला मारतील, काकू. उद्या मी सांगणार आहे. तुम्ही येऊन बसाल?"

छे, काहीतरीच, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कित्येक वर्षं तो आवाज मी समोरच्या दारातून ऐकत होते. माझंही धाबं दणाणलं. येते म्हटलं.

रविवारी गेले तर राजूच्या आईनं, म्हणजे वहिनींनी सकाळपासूनच घर आवरलेलं. म्हणजे खलबत्त्यातला बत्ता माळ्यावर, आणि पितळी फुलदाणी पदराखालून माझ्या घरी. भाऊ झोपाळ्यावर. राजूनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

भाऊंनी झोपाळा थांबवला. आवाज नाही की काही नाही.

"मला पटलं नाही," ते म्हणाले. "कुठंय तो?"

"खाली. गेटपाशी."

"बोलव वर."

वहिनींनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मी झोपाळा आणि दार यांच्या मधली खुर्ची धरली. तेवढ्यात राकेश आला. हेल्मेट घालून! बूट दाराशी नीट काढून ठेवलेले आणि डोक्यावर हेल्मेट, पुढची काचसुद्धा खाली. तसाच सोफ्याच्या टोकावर बसला.

"नाव?"

"राकेश, अंकल." आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"हेल्मेट काढा की. पंखा चालू आहे."

"ना अंकल, चालशे."

"अहो, पाणी कसं पिणार?"

"चालशे, अंकल."

एरवी मी फस्सकन हसले असते. पण भाऊ त्याच्याकडे बघत राहिले. मग राजूकडे. मग फुलदाणीच्या रिकाम्या जागेकडे, आणि शेवटी दार अडवून बसलेल्या माझ्याकडे. त्यांच्या लक्षात आलं.

"मी मारीन म्हणून?"

राकेशनं हेल्मेट दोन्ही हातांनी धरलं.

"राजू, मी तुला कधी हात लावला?"

"नाही पप्पा."

"तुझ्या आईला?"

"नाही."

"तुझा मोबाइल फोडला?"

"नाही. तुम्हीच घेऊन दिला." राजूला हुंदका आवरेना. "पण तुम्ही रोज टीव्हीसमोर एवढं ओरडता… मला वाटायचं, तुम्ही त्या बापाच्या बाजूनं आहात."

"मी माझ्या बाजूनं होतो, पोरी," भाऊ म्हणाले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही दोघी मागं बसून रोज तेच बघून राहिल्या होत्या. मी तसा नाही, हे सांगत होतो. दुसरं कसं सांगायचं ते मला आलं नाही."

या माणसाशी इतकी वर्षं वाद घातला मी, पण हे काही ओळखलं नव्हतं.

भाऊंनी उपरण्यानं नाक पुसलं. "पटलं मला अजून नाही. कोंबडं या घरात येणार नाही. पण लग्न राजूचं आहे. पुढच्या रविवारी आईवडलांना घेऊन या. वरणभात जेवतील ना?"

"हो अंकल! जेवतील!" राकेशनं हेल्मेट काढलं. केस घामानं चिप्प, पण चेहरा कसा हसरा! माझा जीव भांड्यात पडला. आतून वहिनींचा आवाज आला, "माळ्यावरचा बत्ता काढून द्या हो कुणीतरी, चहात आलं कुटायचंय!" मग मात्र आम्ही सगळे हसलो. भाऊसुद्धा.

चहा झाला. राकेशला सोडायला सगळेच गेटपर्यंत आलो. त्यानं हेल्मेट चढवलं, गाडीवर बसला. भाऊ पुढे झाले आणि त्यांनी एकदम हात वर केला. राकेशनं डोळे गच्च मिटले.

भाऊंचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी हळूच त्याच्या हनुवटीखालचा पट्टा ओढून खटका बसवला.

"पट्टा लावत जा," ते म्हणाले. "रस्त्याला ट्रक फार आहेत. आणि पोचल्यावर फोन कर. हिला नाही. मला."