काशिराम फांदीवर

काशिरामांचा अस्थिकलश गाडीत कोणाच्या मांडीवर बसणार, यावर पनवेल सुटेपर्यंत वाद चालला. कलश घरात न्यायचा नाही, जमिनीवर टेकवायचा नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. म्हणून तो इतके दिवस सोसायटीच्या शेवग्याला टांगला होता आणि वॉचमनने त्या बाजूची फेरीच बंद केली होती. शेवटी तो पुण्याहून आलेल्या धाकट्या मुलाने, सत्यजीतने घेतला. थोरला प्रभाकर गाडी चालवत होता. उद्या दहावा. अस्थी आजच, वडिलांच्या गावच्या समुद्रात, दोघांच्या हातून जायला हव्या होत्या.

उरणजवळच्या त्या गावात पोचले, तर समुद्र जागेवर नव्हता! लांबवर पाण्याची रेघ आणि अलीकडे सगळा चिखल.

"दादा, भरती बघितली नव्हतीस?"

"मुहूर्त बघितला होता," प्रभाकर पडेल आवाजात म्हणाला.

काशिरामांचा बालमित्र काळूराम होडीला टेकून बसला होता. "पानी आत गेलाय. आता संध्याकालशिवाय नाय."

आता करायचं काय? सत्यजीत म्हणाला, "तोवर चिरनेर बघू या. जंगल सत्याग्रहाचं स्मारक आहे, गणपती आहे. मी परत कधी येणार इकडे?"

"वडिलांना घेऊन साइटसीइंग?"

"एरवी कधी नेलंत त्यांना?" प्रभाकरची बायको पद्मजा मागून म्हणाली. गाडी चिरनेरला वळली.

स्मारक बघितलं. सुतक असल्याने गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले. वडापाव खाताना हात मोकळे हवेत, म्हणून लाल फडक्यात बांधलेला कलश वडाच्या फांदीला अडकवला. जाताना सत्यजीत झोपायला मागच्या सीटवर गेला. प्रभाकरला वाटलं, कलश मागे. सत्यजीतला वाटलं, वहिनीकडे. पद्मजाला वाटलं, एवढं तरी या भावांना जमेल.

किनाऱ्यावर पाणी चढत होतं. काळूरामने होडी सोडली होती. "दे काशिरामला इकरं."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

पुन्हा चिरनेरच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक असे उभे, जणू तेही कोणाच्या दहाव्याला निघालेत. प्रभाकर हॉर्न वाजवत नव्हता, रडत होता.

वडाखाली गर्दी होती. कलशाला झेंडूचा हार, खाली उदबत्त्या, फुटलेला नारळ. सहलीची एक अख्खी मिनीबस रांगेत उभी होती. प्रभाकर पुढे घुसला, तशी एका बाईने त्याला शर्टाला धरून मागे ओढलं.

"ओ दादा, लाइन आहे इथे."

"अहो, ते माझे वडील आहेत!"

"असं सगळ्यांनाच वाटतं. मागे जा."

"भाऊजी, तुम्ही तरी बोला," पद्मजा कुजबुजली. पण सत्यजीत मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला होता.

प्रभाकरचा आवाज फाटला. "अस्थी आहेत हो त्यात! माझ्या वडिलांच्या. विसरलो आम्ही. उद्या दहावा आहे, आणि तिकडे भरती उतरेल आता..."

रांग गोठली. नुकताच नोकरीसाठी नवस बोललेला एक मुलगा हळूच दोन पावलं मागे सरकला. एकाने हातातला प्रसाद खिशात टाकला.

त्या बाईने कपाळावर हात मारला. "मग बघत काय बसलात? ए ड्रायव्हर, मिनीबस आडवी लावलीयस ती काढ! पुढे हो, ट्रेलरवाल्यांना बाजूला घे. आणि कोणी हार काढू नका, राहू दे त्यांना."

सूर्य टेकता टेकता किनाऱ्यावर आधी मिनीबस आली, मग गाडी, मग वाटेत "कोण गेलं?" विचारत मागे लागलेल्या चार मोटारसायकली. सगळे चपला काढून पाण्याच्या कडेला उभे राहिले. दोघा भावांनी होडीतून मिळून कलश रिकामा केला. झेंडूची फुलं होडीभोवती गोल फिरत राहिली. ती बाई तर पदराने डोळे पुसत होती.

काळूराम वल्हं हातात धरून त्या गर्दीकडे बघतच राहिला.

"काशिरामची येवरी मानसा? मना कदी बोलला नाय. कदी जमवली?"

प्रभाकरने नाक पुसलं.

"आज दुपारी."