धोंडिराममामांचे गुडघे

आमच्या गल्लीत धोंडिराममामांना "कसे आहात?" असं कुणी विचारत नाही. नवा भाडेकरू आला की नळाला पाणी कधी येतं ते त्याला सांगतात आणि लगोलग ही ताकीद देतात. एका नव्या दूधवाल्यानं चुकून विचारलं होतं, त्या दिवशी पुढच्या सगळ्या गल्लीनं कोरा चहा प्याला.

मामांची सुरुवात डाव्या गुडघ्यापासून. तो कसा ठणकतो, आपलं ओझं उजव्यावर कसं ढकलतो, उजवा बिचारा कसा सोसतो. ऐकणाऱ्याला वाटावं, दोन जावांचं भांडण चाललंय. ऐकणारा पाय काढायला लागला की मामा त्याचं मनगट धरतात. "थांब की जरा. अजून मुद्द्यावर आलोच न्हाई."

तो मुद्दा आजवर कुणाला कळलेला नाही. मीही त्यांना लांबून बघितलं की पिशवीत काहीतरी शोधायचं नाटक करायची. खोटं कशाला बोलू?

मामा फरशी बसवणारे मिस्त्री. आमच्या लातुरात कुणाच्याही घरी चला, मामा दारातच फरशीकडे बघून सांगणार, हे माझं काम, नाहीतर हे कुण्या आंधळ्याचं. सगळा जन्म उकिडवं बसण्यात गेला आणि गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या. मामी वारल्या, लेक बिलोलीला दिलेली. सरकारी योजनेतून दोन्ही गुडघे बदलून झाले. मामा चालायला लागले, पण उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना. कोपऱ्यावरच्या विहारातली फरशी मामांनीच बसवलेली. आता वंदनेला सगळे तिच्यावर बसतात आणि मामा मागं खुर्चीत. कामही सुटलं. ज्याला खाली बसता येत नाही त्याला फरशीवर कोण बोलावणार?

म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं ठरलं. चाळीस टक्के भरले की निराधारची पेन्शन चालू होईल आणि मामा आपल्या घरात राहतील. नाहीतर बोचकं बांधून जावयाच्या दारात. त्या नुसत्या विचारानं मामांना घास गोड लागेना.

मी घरी ब्लाऊज शिवते. मशीन झाकून ठेवली आणि त्यांच्यासोबत सरकारी दवाखान्यात गेले. ऑटोत बजावलं, "मामा, जन्मभर फुकट सांगितलंत. आज सांगायचं मोल आहे. पोट भरून सांगा."

"तू बघच," मामा म्हणाले.

आत तीन डॉक्टर बसलेले. मामा दारातच थबकले. कडेचा तरणा डॉक्टर म्हणजे ज्यानं त्यांचे गुडघे बदलले तोच. मामांनी सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या, काठी माझ्या हातात दिली आणि व्याह्याला सामोरं जावं तसे ताठ चालत गेले. मी कपाळाला हात लावला.

मोठ्या डॉक्टरांनी त्यांना खाटेवर निजवून गुडघा वाकवून पाहिला. मामांनी दात आवळले, पण हूं की चूं केलं नाही. दुखतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मला वाटलं, आता काही आपण संध्याकाळपर्यंत सुटत नाही.

"लई ब्येस हाय साहेब," मामा म्हणाले.

मांडी घालता येते का, तर म्हणे आता समद्यांच्या घरात खुर्च्या झाल्यात, मांडी लागते कुणाला? मी मधे तोंड घातलं, साहेब, हे खोटं बोलतायत. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गपगार. तरणा डॉक्टर खुशीत हसत होता. मोठे म्हणाले, यात काही चाळीस टक्के भरत नाहीत.

परतताना ऑटोत मी त्यांना धुऊन काढलं. गल्लीला बेजार करता आणि जिथं बोलायचं तिथं दातखीळ बसते? मामा खाली मान घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "त्या पोराचं काम हाय ते. चार लोकांत त्याच्या कामाला कसं नाव ठेवू? माझ्या फरशीला मालकासमोर कुनी ठोकर मारून दाखवली तर मला कसं वाटंल?"

मामा बाहेर बघत म्हणाले, "आन् दवाखान्यात व्हतो तवा रोज यायचा. स्टूल वढून बसायचा. घड्याळात बघायचा न्हाई."

फेरतपासणीचा अर्ज करू म्हटलं, तर कबूल झाले. पण दुसरा डॉक्टर असेल तरच. मग म्हणे रडून दाखवतो.

घरी आलो. मामा दाराजवळच्या खुर्चीत टेकले. माझ्या मशीनवर लग्नाघरची ब्लाऊजं पडली होती. मी निघाले, चपलेत पाय घातला आणि परत काढला. त्यांच्या समोर उंबऱ्यावर बसले.

"मामा, डावा गुडघा कसा आहे?"

आधी त्यांना खरंच वाटेना. मग सुरू झाले. डावा झाला, उजवा झाला, मामींचं शेवटचं आजारपण झालं, लेकीचा फोन किती दिवसांत आला नाही तेही झालं. मनगट धरायला त्यांनी एकदा हात पुढं केला, मी उठत नाही म्हणून मागं घेतला. बोलता बोलता ते थांबले.

"मग मुद्दा काय, मामा?" मी विचारलं.

मामांनी दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला.

"काय की गं," ते म्हणाले. "इथवर कुनी कधी येऊच दिलं न्हाई."